छोटी टक्कर झाल्यावर मुलाची कार सीट बदलायची की तीच वापरायची, कसं ठरवायचं

गाडीला कुठेतरी धक्का बसतो, बंपरला ओरखडा येतो, आतले सगळे ठीक असतात, आणि मग रात्री कधीतरी डोक्यात येतं की अरे मागे बाळाची सीट होती, तिचं काय? कोणाला विचारलं तर एकजण म्हणतो काही होत नाही एवढ्याशा धक्क्याने, दुसरा म्हणतो लगेच फेकून दे, आणि दोघांनीही ना सीट बघितलेली असते ना गाडी. ज्यांची पहिलीच कार सीट आहे त्यांचा इथे फार गोंधळ होतो, कारण सीट बाहेरून अगदी नव्यासारखी दिसत असते आणि महागाची वस्तू टाकून द्यायला हात होत नाही. पण हे ठरवायची एक पद्धत आहे आणि तिला एक क्रम आहे, तो क्रम पाळला तर अंदाजाने ठरवायची वेळ फार कमी येते.

एक गोष्ट आधीच सांगते. टक्कर जोरदार होती, म्हणजे एअरबॅग उघडली, गाडी टो करून न्यावी लागली, कोणाला लागलं, असं काही असेल तर पुढचा विचारच करायचा नाही, सीट बदलायची. हा लेख त्याच्या खालच्या टकरींसाठी आहे, सिग्नलला मागून कोणीतरी येऊन ठोकलं, रिव्हर्स घेताना खांबाला लागली, ट्रॅफिकमध्ये पुढच्या गाडीला जाऊन टेकलो, अशा.

पायरी १: जागेवरच काय करायचं

आधी मूल बघा, सीट नंतर. मूल रडतंय, हातपाय हलवतंय, तुमच्याकडे बघतंय तर थोडा श्वास घ्या. ते सुस्त वाटलं, मान धरून बसलंय, कुठे दुखतंय असं सांगतंय, आणि गाडीत आग-धूर असा काही धोका नाहीये, तर त्याला घाईघाईने सीटमधून उचलून कडेवर घेऊ नका, सीटमध्येच राहू द्या आणि मदत बोलवा. मानेला लागलेलं असेल तर उचलण्याने जास्त इजा होऊ शकते आणि सीटमध्ये ते निदान धरलेलं तरी असतं. पुढचे एकदोन दिवसही लक्ष ठेवायचं, वारंवार उलटी, नेहमीपेक्षा जास्त झोप, उठवूनही नीट न उठणं, चालताना तोल जाणं, न थांबणारं रडणं, यातलं काहीही दिसलं की डॉक्टर. मुलं सांगू शकत नाहीत, आणि लहान बाळं तर अजिबातच नाही.

मूल ठीक आहे म्हटल्यावर फोन काढा आणि फोटो घ्या, गाडी हलवायच्या आधी जमलं तर उत्तमच. गाडीच्या चारही बाजू, जिथे लागलंय ती जागा जवळून, मागचे दोन्ही दरवाजे (लागलेले नसले तरी), आणि सीट जशी बसवलेली आहे तशीच, पट्टे, बेल्ट कुठून गेलाय ते, सगळं. दुसऱ्या गाडीचे पण फोटो. हे फोटो दोन कामांना लागतात, एक म्हणजे इन्शुरन्स, आणि दुसरं म्हणजे तुम्ही स्वतः घरी बसून शांतपणे ठरवणार आहात तेव्हा आठवणीवर भरवसा ठेवावा लागत नाही. टक्कर झाल्यावर माणूस इतका हादरलेला असतो की दरवाजाला पोचा होता की नव्हता हे दोन तासांनी नक्की सांगता येत नाही.

पायरी २: मुळात ही टक्कर होती का?

जोरात ब्रेक मारला, मूल पुढे झुकलं, पट्टा घट्ट झाला, पण गाडी कशालाच लागली नाही, याला टक्कर म्हणत नाहीत. कितीही जोरात ब्रेक दाबला तरी साध्या गाडीत गुरुत्वाकर्षणाच्या साधारण एक पट एवढाच झटका बसतो. आणि युरोपातल्या आर ४४ या जुन्या नियमानुसार सीटची समोरून टक्कर करून चाचणी घ्यायचे तेव्हा ५० किमी वेगाला हाच झटका २० ते २८ पट असायचा. म्हणजे ब्रेकच्या धक्क्याने सीट खराब होत नाही, फक्त नंतर एकदा सीट हलवून बघा घट्ट आहे ना, आणि पट्टे सरकले असतील तर परत ओढा.

तसंच पार्किंगमध्ये उभ्या गाडीच्या दरवाजावर शेजारच्याचा दरवाजा आपटला, ट्रॉली घासली, हे पण सोडून द्या. पण उभ्या गाडीला दुसऱ्या चालत्या गाडीने येऊन ठोकलं तर ती टक्कर आहे, तुम्ही आत नव्हतात आणि मूल पण नव्हतं तरीही. का ते पुढे येईल.

पायरी ३: मॅन्युअल काढा

बहुतेक लोक ही पायरी गाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. तुमच्या सीटच्या कंपनीने टकरीनंतर काय करायचं हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं आणि त्यांचं म्हणणं अंतिम. कारण प्लास्टिक कुठलं वापरलंय, आतली चौकट लोखंडाची आहे की नाही, कुठला भाग मुद्दाम दबण्यासाठी बनवलाय, हे फक्त त्यांना माहीत असतं.

मॅन्युअल कुठे असतं? बऱ्याच सीटना मागच्या बाजूला किंवा बुडाखाली एक कप्पा असतो, त्यात ठेवायची सोय असते, तिथे बघा. नसेल तर सीटच्या स्टिकरवर मॉडेलचं नाव, नंबर आणि बनवल्याची तारीख असते, ते घेऊन कंपनीच्या साइटवर मॅन्युअल मिळतं. त्यात अपघात, टक्कर, क्रॅश असा शब्द शोधायचा, बहुतेक वेळा सुरुवातीच्या इशाऱ्यांच्या पानावर असतो.

तिथे साधारण दोन प्रकारची उत्तरं सापडतील. काही कंपन्या सरळ म्हणतात की कुठलीही टक्कर झाली, कितीही छोटी असो, सीट बदला. असं लिहिलेलं असेल तर विषय संपला, पुढच्या पायऱ्यांतली पाच अटींची भानगड तुमच्यासाठी नाहीच, थेट इन्शुरन्सच्या भागावर जा. दुसऱ्या कंपन्या म्हणतात की मध्यम किंवा मोठी टक्कर झाली तर बदला, छोटी असेल तर वापरू शकता, आणि मग छोटी म्हणजे काय याच्या अटी देतात. काही मॅन्युअलमध्ये नुसतं मोघम लिहिलेलं असतं, अशा वेळी कंपनीला मेल करा, टकरीचं वर्णन आणि फोटो जोडून, आणि उत्तर लेखी मागा. फोनवर कोणीतरी चालेल हो म्हणालं याला काही अर्थ नाही.

आणि मॅन्युअल वाचताना स्टिकरवरची एक्सपायरी पण बघून टाका. होय, कार सीटला एक्सपायरी असते, साधारण बनवल्यापासून ६ ते १० वर्षं, मॉडेलप्रमाणे वेगळी, कधी स्टिकरवर तर कधी प्लास्टिकमध्येच कोरलेली. सीट संपत आलेली असेल तर इतका विचार करत बसण्यात वेळ कशाला घालवायचा.

पायरी ४: पाच अटी

अमेरिकेत रस्त्यावरच्या सुरक्षेचं काम बघणारी सरकारी संस्था आहे एनएचटीएसए, तिने छोटी टक्कर कशाला म्हणायचं याच्या पाच अटी दिल्यात आणि ज्या कंपन्या छोटी टक्कर चालेल म्हणतात त्यातल्या बऱ्याच जणी याच अटींकडे बोट दाखवतात. पाचही पूर्ण झाल्या तरच टक्कर छोटी. चार पूर्ण झाल्या आणि एक नाही, तर टक्कर छोटी नाही, सीट बदलायची. इथे बहुमत चालत नाही.

पहिली, गाडी त्या जागेवरून चालवत नेता आली.
दुसरी, सीटच्या सगळ्यात जवळचा दरवाजा शाबूत आहे.
तिसरी, गाडीतल्या कोणालाही लागलं नाही.
चौथी, एअरबॅग असतील तर त्या उघडल्या नाहीत.
पाचवी, सीटवर डोळ्यांना दिसेल असं काही नुकसान नाही.

वाचायला सोपं आहे पण प्रत्येकीत एकेक मेख आहे म्हणून थोडं खोलात जाऊ.

गाडी चालवत नेता आली म्हणजे खरंच नेण्यासारखी होती. रेडिएटर गळतोय, चाक बंपरला घासतंय, तरी घर जवळ होतं म्हणून कशीबशी नेली, तर मी याला चालवत नेता आली असं मानणार नाही. एवढा मार पुढे पोचला असेल तर धक्का लहान नव्हता. उलट कधी कधी गाडी चालत असते पण इन्शुरन्सवाले म्हणतात टो करूनच आणा, किंवा फक्त टायर पंक्चर झालेला असतो, तेव्हा गाडी चालण्यासारखी होती का हे गॅरेजवाल्याला विचारा आणि बिलावर किंवा अंदाजपत्रकावर लिहून घ्या.

दरवाजाची अट नेमक्या सीटजवळच्या दरवाजासाठी का? कारण बाजूने बसणारा मार सगळ्यात वाईट. समोर बोनेट असतं, मागे डिकी असते, ते चेपत जातात आणि धक्का पिऊन घेतात, बाजूला मात्र मूल आणि बाहेरची गाडी यांच्यात फक्त एक दरवाजा. म्हणून तिथे छोटा पोचा असला तरी तो मोठा धरायचा. सीट मधल्या जागेवर असेल तर कुठला दरवाजा धरायचा असा प्रश्न पडतो, मी तर सांगेन दोन्ही मागचे दरवाजे धरा. पोचा वरून दिसत नसेल पण दरवाजा आता नीट लागत नाही, आवाज बदललाय, रबराच्या फटीत एका बाजूला जास्त जागा दिसतेय, हे पण नुकसानच.

कोणालाही लागलं नाही यात ड्रायव्हर पण येतो, शेजारी बसलेली आजी पण येते. आणि इथेच लोक फसतात, कारण टक्कर झाल्या झाल्या सगळे ठीक आहे ठीक आहे म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मान आखडलेली असते, खांद्यावर बेल्टचा वळ उठलेला असतो. मागून ठोकल्यावर मान दुसऱ्या दिवशी दुखायला लागणं हे तर अगदी नेहमीचं. मग तिसरी अट मोडली. म्हणून माझं म्हणणं असं की निर्णय त्याच दिवशी पक्का करू नका, एकदोन दिवस जाऊ द्या, प्रत्येकाला स्पष्ट विचारा, आणि तोपर्यंत शक्य असेल तर मुलाला त्या सीटमध्ये घेऊन फिरू नका.

एअरबॅगचं सोपं आहे. कुठलीही, पुढची, सीटमधली, खिडकीवरून खाली येणारी पडद्यासारखी, एक जरी उघडली तरी अट मोडली. पण एअरबॅग उघडली नाही म्हणून धक्का छोटा होता असं उलटं मात्र म्हणू नका, मागून ठोकल्यावर पुढच्या एअरबॅग साधारणपणे उघडतच नाहीत, त्यांचं ते कामच नाही.

पाचवी अट सगळ्यात जास्त वेळ खाणारी आहे, तिच्यासाठी वेगळी पायरी. पण त्याआधी सीटच्या आत नेमकं काय होतं ते सांगते, नाहीतर काय शोधायचं तेच कळणार नाही.

टकरीत सीटचं काय होतं

कार सीट धक्का अडवत नाही, ती धक्का स्वतःवर घेते आणि पसरवते. पट्ट्यांचं कापड किंचित ताणतं, त्यामुळे मूल एकदम थांबायच्या ऐवजी थोडं हळू थांबतं. डोक्याच्या बाजूला कापडाखाली थर्मोकोलसारखा फोम असतो तो दबतो. प्लास्टिकचं कवच वाकतं आणि परत जागेवर येतं. काही सीटच्या वरच्या टेदर पट्ट्यात, म्हणजे सीटचा वरचा भाग गाडीला बांधणाऱ्या पट्ट्यात, शिवणीच अशी घातलेली असते की ठरावीक ताणाला ती उसवत जाते. यातल्या बऱ्याच गोष्टी एकदाच होतात, हेल्मेटसारखं, दबलेला फोम परत फुगत नाही, ताणलेलं कापड दुसऱ्यांदा तेवढं ताणत नाही.

आणि वेगाचं गणित लक्षात ठेवा, वेग दुप्पट झाला की धक्क्याची ऊर्जा चौपट होते. ५० किमी वेगाला जेवढी ऊर्जा असते त्याच्या फक्त पाव हिस्सा २५ किमी वेगाला असते, आणि १० किमीला तर पंचविसावा भाग. म्हणून पार्किंगमध्ये रांगत जाताना लागलेला धक्का आणि रस्त्यावर बऱ्यापैकी वेगात लागलेला धक्का यांची तुलनाच होत नाही, बंपरवरचा ओरखडा दोन्हीकडे सारखाच दिसला तरी. सीटची चाचणी युरोपच्या आर १२९ नियमातही समोरून ५० किमी वेगाला होते आणि अमेरिकेत साधारण ४८ ला, आणि ती होते नव्या सीटवर. एकदा मार खाल्लेल्या सीटने दुसऱ्या मोठ्या टकरीत कसं वागावं याची हमी त्या स्टिकरमध्ये नसते. छोट्या टकरीनंतर सीट वापरायची परवानगी याच कारणाने आहे की एवढ्या कमी ऊर्जेत सीटवर फारसा ताण येतच नाही, सीट बळकट आहे म्हणून कितीही धक्के झेलेल असा त्याचा अर्थ नाही.

पायरी ५: सीट उघडून तपासा

बसवलेल्या सीटकडे वरून बघून काही कळत नाही. सीट गाडीतून काढा, काढायच्या आधी फोटो घेतलेत ना ते बघा, आणि मॅन्युअल समोर ठेवून कव्हर काढा, धुवायला काढतो तसं. चांगला उजेड किंवा टॉर्च घ्या.

प्लास्टिकवर तडे शोधा, पण तड्यांपेक्षा पांढरट रेघा शोधा, प्लास्टिक खूप वाकलं की तिथे रंग फिका पडतो आणि पांढरी रेघ उमटते. गडद रंगाच्या कवचावर त्या चटकन दिसतात, फिक्यावर बोट फिरवून बघावं लागतं. मुख्य म्हणजे गाडीचा बेल्ट जिथून जातो ती जागा, मुलाचे पट्टे ज्या भोकांतून बाहेर येतात त्यांच्या कडा, आणि बकलचा पट्टा खालून जिथे अडकवलेला असतो ती पट्टी.

फोममध्ये चीर, दबलेला खळगा, तुटलेला कोपरा. इथे एक लक्षात ठेवा, काही सीटच्या फोमला कंपनीतूनच फटी आणि सांधे असतात, त्यामुळे डावी आणि उजवी बाजू सारखी आहे का ते बघा, दोन्हीकडे अगदी तशीच फट असेल तर ती बहुतेक मूळचीच.

पट्टे पूर्ण बाहेर ओढा, दोन्ही बाजूंनी हात फिरवा. कुठे धागे निघालेत का, एखादी जागा चकचकीत किंवा वितळल्यासारखी कडक झालीय का, कडा लाटांसारख्या झाल्यात का. बकल लावा-काढा, दरवेळी स्पष्ट आवाज यायला हवा आणि लावल्यावर ओढून सुटता कामा नये. पट्टा घट्ट करायचा जो भाग असतो तो धरून ठेवतोय की हळूहळू सरकू देतोय, ते पण बघा. टेदरच्या शिवणी. आयसोफिक्स, म्हणजे बेल्टऐवजी सीट गाडीतल्या आकड्यांना अडकवायची सोय, असेल तर तिचे हात सरळ आहेत का, आत-बाहेर सहज सरकतात का, लावल्यावर हिरवी खूण येते का. सपोर्ट लेग, म्हणजे सीटपासून गाडीच्या तळाला टेकणारा पाय, असेल तर तो वाकलाय का, उंची कमी-जास्त होते का.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही तपासणी एकाच दिशेने काम करते. काही सापडलं तर सीट बाद, बाकी चार अटी पूर्ण असल्या तरी. काही सापडलं नाही म्हणजे सीट चांगली आहे असं मात्र सिद्ध होत नाही, त्यासाठी बाकी चारही अटी आणि मॅन्युअल पण हो म्हणायला हवं. दुकानातला माणूस, गॅरेजवाला, कोणीही हातात घेऊन ही सीट चांगली आहे असं छातीठोकपणे सांगू शकत नाही, आतला ताण डोळ्यांना दिसत नाही.

नेहमी पडणारे प्रश्न

सीट रिकामी होती, मग? रिकामी असली तरी बदलायचे नियम तेच. मुलाचं वजन नव्हतं म्हणून पट्ट्यांवर ताण कमी आला हे खरं, पण सीटचं स्वतःचं वजन असतं, ती बेल्टला किंवा आयसोफिक्सला बांधलेली असते, त्या जोडांवर ताण येतोच. पाच अटींमध्ये मूल बसलेलं होतं का असा प्रश्नच नाहीये. फक्त एकच फरक, सीट गाडीत बांधलेली नव्हती, डिकीत पडलेली होती, तर तो वेगळा विषय, तिथे ती आपटली का, तिच्यावर सामान पडलं का, हे बघावं लागतं आणि कंपनीला विचारावं लागतं.

तान्ह्या बाळाची सीट बेसवर अडकवायची असते तिचं काय? दोन्ही एक धरायचं. बदलायची वेळ आली तर सीट आणि त्या गाडीतला बेस दोन्ही. दुसऱ्या गाडीत तुमचा वेगळा बेस असेल जो टकरीत नव्हता, त्याला काही झालेलं नाही, पण नवीन सीट त्या बेसवर बसते का हे कंपनीकडून खात्री करून घ्या.

बूस्टर, म्हणजे जरा मोठ्या मुलाला उंच बसवायची सीट? ती पण कार सीटच आहे. त्यात मुलाला गाडीचाच बेल्ट धरतो म्हणून लोक त्याला खिजगणतीत धरत नाहीत, पण पाठ असलेल्या बूस्टरमध्ये फोम असतो, बेल्टला दिशा देणारा भाग असतो. तेच नियम.

दोन मुलं, दोन सीट? प्रत्येक सीटचा वेगळा विचार. एका बाजूचा दरवाजा चेपलाय, दुसरीकडे काही नाही, तर दरवाज्याच्या अटीपुरता दोघींचा निकाल वेगळा लागू शकतो. बाकी एअरबॅग, इजा, गाडी चालणं या अटी मात्र दोघींना सारख्याच लागू होतात.

याआधी पण एक छोटी टक्कर झाली होती? मी असेन तर दुसऱ्या वेळी बदलेन, पाचही अटी पूर्ण असल्या तरी. हे नियमात लिहिलेलं नाही, माझं मत आहे.

आणि समजा मागून ठोकलं, बंपरला तडा गेलाय, बाकी सगळं नीट, सगळे ठीक, दोन दिवसांनी पण कोणाची मान दुखली नाही, कव्हर काढून बघितलं काही नाही, कंपनी छोट्या टकरीला हो म्हणते. तर वापरा, निर्धास्त वापरा. उगाच घाबरून चांगली सीट टाकायची आणि नवी येईपर्यंत मुलाला मांडीवर बसवून न्यायचं, हे त्यापेक्षा कितीतरी धोक्याचं आहे.

पायरी ६: गाडीकडे पण बघा

नवी सीट आणली आणि गाडीचा बेल्टच खराब असेल तर उपयोग काय? ज्या जागेवर सीट होती तिथला बेल्ट पूर्ण बाहेर काढून बघा, झटका दिल्यावर अडकतो का, सोडल्यावर आत जातो का. बऱ्याच गाड्यांच्या बेल्टला प्रीटेन्शनर असतो, टकरीत तो बारुदाच्या छोट्या स्फोटाने बेल्ट खेचून घेतो आणि एकदा उडाला की बदलावाच लागतो. गाडीतले आयसोफिक्सचे आकडे आणि टेदर अडकवायची जागा सरळ आहे का, हे गॅरेजमध्ये मुद्दाम सांगून तपासून घ्या, नाहीतर ते बंपर आणि पेंट करून गाडी परत देतात आणि मागच्या सीटखाली कोणी बघत नाही.

पायरी ७: इन्शुरन्स

सीट टाकून देण्याआधी क्लेम. हा क्रम उलटा करू नका. सर्व्हेयरने सीट बघायला मागितली आणि ती कचऱ्यात गेलेली असेल तर सगळं अवघड होतं.

क्लेम करताना सीटचा उल्लेख सुरुवातीलाच करा, नंतर आठवलं म्हणून जोडायला गेलं की प्रश्न वाढतात. सोबत द्यायचं ते असं: जागेवरचे फोटो, सीटच्या स्टिकरचा फोटो, खरेदीची पावती असेल तर ती, आणि मॅन्युअलमधलं ते पान जिथे कंपनीने बदला असं लिहिलंय. हे पान फार कामाचं, कारण समोरचा म्हणतो सीट तर चांगली दिसतेय आणि तुम्ही पान पुढे ठेवता. चूक दुसऱ्याची असेल तर त्याच्या पॉलिसीतून मागा. पॉलिसी आणि ठिकाण याप्रमाणे नियम वेगळे असतात, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात तर टकरीच्या वेळी मूल बसलेली सीट बदलून देणं इन्शुरन्स कंपनीला कायद्यानेच बंधनकारक आहे, पण सगळीकडे असं नाही, म्हणून विचारा आणि नाही म्हणाले तर कारण लेखी मागा.

आणि क्लेम नाकारला तरी निर्णय बदलत नाही. पैशांची ओढाताण असेल तर साधी, कमी सोयींची सीट घ्या, पण नवी आणि मान्यतेचं लेबल असलेली. बाजारात कायद्याने विकली जाणारी प्रत्येक सीट तिथली ठरलेली चाचणी पास झालेली असते, महागड्या सीटमध्ये जास्तीचे पैसे बऱ्याचदा कापड, फिरणारा बेस, कप ठेवायची जागा याचे असतात. जुनी कोणाकडून घेणार असाल तर फक्त अशा माणसाकडून ज्याला तिचा पूर्ण इतिहास माहीत आहे आणि ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे. अनोळखी माणसाची वापरलेली सीट नकोच, कारण तुम्ही आत्ता जो प्रश्न सोडवताय तो त्याने कदाचित सोडवलाच नसेल.

पायरी ८: जुनी सीट निकामी करा

क्लेमचं काम संपलं की बाद सीट अख्खी बाहेर ठेवू नका. कोणीतरी गरजेपोटी उचलून नेईल आणि आपल्या मुलाला त्यात बसवेल. पट्टे कात्रीने कापून टाका, बकल वेगळं करा, कव्हर काढा, कवचावर जाड मार्करने टकरीत सापडलेली, वापरू नका असं मोठ्या अक्षरांत लिहा. काही इन्शुरन्सवाले कापलेल्या पट्ट्यांचा फोटो पण मागतात, काढून ठेवा. कुठे रिसायकलिंगला घेत असतील तर तिथे द्या, प्लास्टिक आणि धातू वेगळे करून.

पायरी ९: नवी सीट बसवताना

मुलाचं आत्ताचं वजन आणि उंची मोजून मग घ्या, दोन वर्षांपूर्वी जी घेतली होती तीच परत घ्यायची गरज नाही. बसेल तितके दिवस उलट्या तोंडाने बसवणं चांगलं, आर १२९ मध्ये तर १५ महिन्यांच्या आत पुढे तोंड करून बसवायला परवानगीच नाही. उलट्या तोंडाची सीट चालू एअरबॅगच्या समोर, म्हणजे पुढच्या सीटवर, कधीच नाही.

बसवल्यावर बेल्ट जिथून जातो तिथे धरून हलवा, २.५ सेंटीमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. खांद्यावरचे पट्टे उलट्या तोंडाच्या सीटमध्ये खांद्याच्या पातळीला किंवा खाली, पुढे तोंड असेल तर पातळीला किंवा वर. पट्टे आवळल्यावर खांद्याजवळ दोन बोटांनी चिमटीत धरून बघा, घडी पडत असेल तर अजून ढिले आहेत. जाड जॅकेट घालून पट्टे लावू नका, जॅकेट दबतं आणि पट्टा ढिला राहतो.

सीटसोबत रजिस्ट्रेशनचं कार्ड येतं किंवा साइटवर नोंदणी करता येते, ती त्याच दिवशी करा, पुढे कधी त्या मॉडेलमध्ये दोष निघून कंपनीने सीट परत मागवली तर तुम्हाला कळवतील. मॅन्युअल सीटच्या कप्प्यात ठेवा, पावतीचा आणि स्टिकरचा फोटो फोनमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये टाका, आणि ज्या पानावर टकरीबद्दल लिहिलंय त्याचा पण.